दोन थांब्यांच्या मधे

मे-जून आला की टोरोंटोतल्या मराठी घरांत दोन गोष्टी येऊ लागतात. एक हापूसच्या पेट्या आणि दुसरे भारतातले पाहुणे. पेट्यांचा भाव दरवर्षी वाढतो आणि पाहुण्यांचा मुक्काम. मग यजमानाची ती ठरलेली परिक्रमा सुरू होते: नायगारा, सी. एन. टॉवर, थाउजंड आयलंड्स आणि परत एकदा नायगारा, कारण रात्रीचे रंगीत दिवे बघायचे राहिलेले असतात. वाचकहो, ही सेवा आपण सर्वांनीच केलेली आहे, तेव्हा जास्त सांगत नाही. आम्ही स्वतः तो धबधबा एकवीस वेळा पाहिला आहे.

यंदा मात्र आमचा बेत पाहुण्यांनीच उधळून लावला. पाहुण्या म्हणजे आमच्या सौ.च्या मावशी. मुक्काम पोस्ट डोंबिवली, वय एकोणसत्तर, डोंबिवली ते व्ही. टी. असा एकतीस वर्षं लोकलचा प्रवास करून निवृत्त झालेल्या. स्टेशनाचं नाव दोनदा बदललं तरी त्यांच्या तोंडी अजून व्ही. टी.च. आल्याच्या तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा धबधबा काही पळून जात नाही. तुम्ही रोज जाता-येता कसे ते दाखवा. आणि मोटारीतून नको, तुमच्या लोकलनं जाऊ."

लोकल म्हणजे अर्थातच सबवे. आम्ही स्कारबरोत राहतो. फिंच रस्त्यावरून ३९ नंबरची बस पकडायची आणि फिंच स्टेशनवर सबवेत बसायचं, हा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता. मावशींनी स्टेशन पाहिलं, रिकामा प्लॅटफॉर्म पाहिला (रिकामा प्लॅटफॉर्म बघून त्यांना जरा वाईटच वाटलं असावं) आणि विचारलं,

"बायकांचा डबा कुठे येतो?"

आम्ही हसलो. म्हटलं, "मावशी, इथे तसलं काही नसतं. इथे सगळे समान. हवं त्या डब्यात चढायचं."

"नसतं कसं, बाबा?" आमची कन्या म्हणाली. "ते काय!" आणि तिनं प्लॅटफॉर्मवरची एक पाटी दाखवली. 'डेझिग्नेटेड वेटिंग एरिया'. म्हणजे थांबण्यासाठी राखलेली जागा. तिथे बाक होता, दिवे जास्त होते, वर कॅमेरा होता आणि बटण दाबलं की स्टेशनातल्या माणसाशी बोलता येईल असा इंटरकॉम होता. आता आम्ही पडलो विजेचे इंजिनियर. २००४ साली मास्टर्स करायला इथे आलो आणि तेव्हापासून दिव्यांच्याच धंद्यात आहोत. पार्किंग लॉट, गोदामं, रस्ते यांच्या प्रकाशयोजना करतो. त्या पाटीखाली आम्ही हजारो वेळा उभे राहिलो असू. तिथे उजेड जास्त आहे हे धंद्याच्या सवयीनं आमच्या लक्षातही आलं होतं. पण तो का आहे, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. दुरुस्तीच्या सोयीसाठी असेल असं धरून चाललो होतो.

कन्या इथल्या विद्यापीठात नगररचना शिकते, त्यामुळे हल्ली घरात आमचं शिक्षण चालू असतं. तिनं सांगितलं ते असं. १९८४ साली इथे 'मेट्रॅक' नावाची संस्था स्थापन झाली. सार्वजनिक जागी बायका-मुलांवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध काम करायचं, हा तिचा हेतू. तिनं टी. टी. सी. आणि पोलिसांना बरोबर घेऊन १९८९ मध्ये एक अहवाल केला: बायकांसाठी बस आणि सबवे सुरक्षित कशी होईल? प्लॅटफॉर्मवरच्या ह्या जागा त्याच कामातून पुढे आल्या.

मावशींनी बाकावर बसून बघितलं आणि म्हणाल्या, "बरंय. पण डब्यात चढल्यावर काय?"

मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा हा काय प्रकार आहे हे डोंबिवलीकरांना सांगायला नको, पण इथे वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. गाडीतले दोन-तीन डबे बायकांसाठी राखीव असतात. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अख्खी गाडीच बायकांसाठी सोडली, तिचं नाव लेडीज स्पेशल. ह्या डब्यात भाज्या निवडल्या जातात, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणं होतात, आणि चौथ्या सीटवरून जी भांडणं होतात ती पुरुषांच्या डब्याला लाजवतील अशी असतात. आम्हाला तर हा डबा म्हणजे मुंबईनं बायकांना दिलेली भेटच वाटत आली होती. तसं बोलूनही दाखवलं.

"भेट कसली?" मावशी म्हणाल्या. "आम्हाला तीन दिले म्हणजे उरलेले तुमचे, असंच सगळे धरून चालतात. एकदा गाडी सुटत होती म्हणून मी जनरलमध्ये चढले, तर एक गृहस्थ म्हणतात, बाई, तुमचा डबा तिकडे आहे ना, मग इथे कशाला गर्दी करता? मी म्हटलं, जनरल म्हणजे काय लिहिलंय ते वाचा. वाचलं नाहीच त्यानं."

त्याच शनिवारी मिसिसागात एका स्नेह्यांकडे जेवण होतं. आपली जेवणं कशी असतात ते आपण जाणतोच. पुरुष मंडळी तळघरात, म्हणजे आपल्या भाषेत बेसमेंटमध्ये. तिथे मोठा टीव्ही, क्रिकेट, घरांच्या किमती आणि मोदी-ट्रूडो-ट्रम्प. बायका वर स्वयंपाकघरात उभ्या. मुलं जिन्यात. तासाभरानं मावशी जिन्यावरून खाली उतरल्या, सोफ्यांवर पसरलेल्या आम्हा अकरा जणांवर नजर फिरवली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अस्सं! म्हणजे हा जनरल डबा." आणि बसल्या की सोफ्यावर! कुणाला काय बोलावं सुचेना. घरांच्या किमतींवर त्यांनी आम्हाला डोंबिवलीच्या पुनर्विकासाचे असे हिशेब सांगितले की दोघांनी वही काढली.

असो. पुढच्या आठवड्यात कन्येचं विद्यापीठ दाखवायला आम्ही चौघं डाउनटाउनला निघालो. विद्यापीठ पाहून झालं. तिथून चर्च स्ट्रीट धरून उत्तरेला चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत चर्च आणि वेलस्ली ह्या रस्त्यांचा चौक येतो. हा भाग टोरोंटोत 'व्हिलेज' म्हणून ओळखला जातो. समलिंगी लोकांची वस्ती, त्यांची दुकानं, खानावळी, आणि १९७५ पासून चालू असलेलं '५१९' हे समाजकेंद्र. रस्ता ओलांडायचे पट्टेसुद्धा इंद्रधनुष्याच्या रंगांचे. हे २०१४ सालचे. आम्ही वीस वर्षं ह्या शहरात आहोत आणि ह्या रस्त्यानं मोटारीतून कितीतरी वेळा गेलो आहोत. पायी कधी गेलो नव्हतो. पाहुण्यांच्या परिक्रमेत हे ठिकाण नसतंच. का नसतं ते सांगायची गरज नाही.

इथे एक अलेक्झांडर स्ट्रीट आहे आणि जवळच एक वुड स्ट्रीट. दोन्ही नावं एकाच माणसाची. अलेक्झांडर वुड हा इथला व्यापारी आणि न्यायदंडाधिकारी. १८१० साली त्याच्यावर पुरुषांशी लगट केल्याचा प्रवाद उठला आणि सारं गाव त्याला हसू लागलं. पुढे त्यानं ह्या भागात पन्नास एकर जमीन घेतली, तर लोक तिला टिंगलीनं 'मॉली वुडची झाडी' म्हणायचे. 'मॉली' ही त्या काळातली समलिंगी पुरुषांसाठीची शिवी. आणि दीडेकशे वर्षांनी त्याच झाडीच्या जागी हा व्हिलेज उभा राहिला. २००५ साली वुडचा पुतळा बसवला. मग मूळ रहिवाशांच्या मुलांना जबरदस्तीनं नेणाऱ्या निवासी शाळांशी त्याचा संबंध पुढे आला आणि २०२२ मध्ये तो पुतळा काढला. पुतळ्यांचं राजकारण आपल्याला नवं नाही.

मावशींना बाथरूमला जायचं होतं म्हणून एका कॉफीच्या दुकानात शिरलो. तिथे दारांवर ना पुरुषाचं चित्र ना बाईचं. मावशी दोन मिनिटं बुचकळ्यात पडल्या. मग आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकट्याची खोली, आतून कडी. बास की! घरी काय आपण दोन संडास ठेवतो?" कॉफी पिताना त्यांनी सांगितलं की नोकरीच्या एकतीस वर्षांत त्या सकाळी घरून निघाल्यावर पाणी पीतच नसत. ऑफिसात पोचेपर्यंत जायचं कुठे? मुंबईत पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, शिवाय जागा कमी, ह्यावर २०११ मध्ये 'राइट टू पी' नावाची मोहीमच उभी राहिली. मावशी तोवर निवृत्तीला आल्या होत्या.

बाहेर आलो तर समोरून दोन पुरुष हातात हात घालून चालले होते. पन्नाशीचे असतील, एकाच्या हातात भाजीची पिशवी. आम्ही उगाचच मावशींचं लक्ष एका चर्चच्या मनोऱ्याकडे वेधण्याचा प्रयत्न केला. "दिसलं हो मला," त्या म्हणाल्या. "आमच्या डब्यात तृतीयपंथी यायचे, टाळ्या वाजवत. बायका पाय आखडून घ्यायच्या. मी पण घ्यायची. एकदा त्यातल्या एकीला विचारलं, तू पुरुषांच्या डब्यात का नाही जात? तर म्हणाली, तिथे मारतात. रेल्वेनं डबे दोनच केले. तिचा कुठला ते कुणी ठरवलंच नव्हतं." भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना कागदोपत्री ओळख दिली ती २०१४ साली. मावशींच्या डब्यातली ती कुठे असेल कोण जाणे.

कन्येनं मग आम्हाला चौकाजवळच्या इमारती दाखवल्या. साध्याच, चार-सहा मजली, प्रत्येक घराला छोटी गॅलरी. गॅलऱ्यांकडे आम्ही आजवर एकाच नजरेनं बघत आलो: काँक्रीट किती, सळ्या गंजल्यात का, वर दिवा कुठला बसवलाय. त्या दिवशी कन्येनं जे सांगितलं त्यानंतर तसं बघता येईनासं झालं.

१९८६ साली ह्या भागात एक माणूस दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरच्या घरांत गॅलरीतून शिरून एकट्या राहणाऱ्या बायकांवर बलात्कार करत होता. पोलिसांच्या ध्यानात त्याची पद्धत आलेली होती. कुठला भाग, कसली घरं, कशा बायका, सगळं. पण त्यांनी त्या भागातल्या बायकांना सावध केलं नाही. कारण असं की बायका घाबरून गोंधळ घालतील आणि तो माणूस सावध होऊन निसटेल. ऑगस्टमध्ये त्यानं पाचव्या बाईवर हल्ला केला. ह्या पाचव्या बाईचं नाव जाहीर करायला कोर्टाची मनाई आहे, म्हणून ती 'जेन डो' ह्या नावानं ओळखली जाते. आधीच्या चौघींची हकिगत कळल्यावर तिनं मैत्रिणींना घेऊन सगळ्या भागात पत्रकं चिकटवली: असा असा माणूस इथे फिरतो आहे, खिडक्या-दारं बघा. काही आठवड्यांतच तो पकडला गेला. मग तिनं पोलिसांवरच दावा लावला. तो अकरा वर्षं चालला. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती जीन मॅकफार्लंड यांनी निकाल दिला की पोलिसांनी सावध न करून हलगर्जीपणा केला, बायकांना नकळत आमिष म्हणून वापरलं आणि तिच्या समानतेच्या हक्काचा भंग केला. सुमारे २,२०,००० डॉलर नुकसानभरपाई मिळाली. पुढच्याच वर्षी शहराच्या लेखापरीक्षकानं पोलिसांच्या अशा तपासांची पाहणी केली. कन्या म्हणाली, तिच्या वर्गात हा खटला शिकवतात.

आमची सौ. इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे ती रात्री बाहेर पडली नव्हती. एकटी बसनं आली नव्हती. घरातच होती."

आम्ही त्यावर काही बोललो नाही. का नाही ते पुढे येईलच.

ह्याच पोलिसांनी त्याआधी पाच वर्षं, ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री, डाउनटाउनमधल्या चार बाथहाउसवर एकाच वेळी धाडी घातल्या होत्या. समलिंगी पुरुष जिथे एकमेकांना भेटत अशा ह्या खाजगी जागा. खरं तर दोन प्रौढांनी खाजगीत काय करावं ह्यात कायद्यानं नाक खुपसायचं नाही हे कॅनडानं १९६९ मध्येच ठरवलं होतं. पण कुंटणखान्याचं जुनं कलम शिल्लक होतं, ते लावलं. हातोड्यांनी दारं फोडली आणि सुमारे तीनशे पुरुषांना पकडलं. त्यांतले बहुतेक पुढे कोर्टातून सुटले, पण कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी फोन गेला. दुसऱ्या रात्री तीन हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले, आणि आज जून महिन्यात जो प्राइडचा प्रचंड मोर्चा निघतो त्याला खरं बळ त्या रात्रीतून मिळालं. पोलीसप्रमुख मार्क सॉन्डर्स यांनी ह्याबद्दल खेद व्यक्त केला तो २०१६ मध्ये. ज्या बायकांच्या दाराशी पोलिसांनी जाऊन चार शब्द सांगायला हवे होते तिथे ते गेले नाहीत, आणि ज्या दाराशी त्यांचं काही काम नव्हतं तिथे हातोडा घेऊन गेले. अंतर म्हणाल तर पायी काही मिनिटांचं.

हे सगळं गोऱ्यांचं, आपला काय संबंध, असं आम्हालाही वाटत होतं. पण दक्षिण आशियाई समलिंगी लोकांचा 'खुश' हा गट टोरोंटोत १९८७ मध्येच सुरू झाला होता. आणि २०१० ते २०१७ ह्या काळात ह्या व्हिलेजमधून माणसं नाहीशी होत राहिली त्यांतली बरीच श्रीलंका, अफगाणिस्तान, इराणकडची होती. २०१९ मध्ये एका माणसानं आठ खुनांची कबुली दिली. २०२१ मध्ये न्यायमूर्ती ग्लोरिया एपस्टीन यांचा चौकशी अहवाल आला. पोलिसांनी ह्या बेपत्ता माणसांची पुरेशी दखल घेतली नाही हे त्यात आहे. त्या माणसांतल्या काहींनी आपलं हे आयुष्य घरच्यांपासून लपवलेलं होतं. जो कुठे जातो हेच घरात माहीत नाही त्याला शोधायचं कुठे?

आमच्या परिचयात एक मुलगा होता. लहानपणी मंडळाच्या गणपतीत तबल्यावर बसायचा, सुरेख हात होता. गेली सात-आठ वर्षं तो दिसत नाही. आई-वडील येतात, आरतीला उभे राहतात. "तो व्हँकूवरला असतो, कामात असतो," म्हणतात. आपण सगळे "हो का, वा" म्हणतो आणि प्रसादाकडे वळतो. सगळ्यांना माहीत आहे. चर्च स्ट्रीटच्या पदपथावर उभं असताना तो मुलगा का आठवला हे आम्ही मावशींना सांगितलं नाही. सौ.ला मात्र कळलं असावं, कारण तिनंच विचारलं, "त्यांच्याकडे एकदा फोन करू या का रे?" (मावशींसमोर आम्ही 'अहो' असतो. एरवी 'अरे'. त्या दिवशी ही चूक दोनदा झाली, ही पहिली.)

जेवून परतायला उशीर झाला. फिंच स्टेशनवरून ३९ पकडली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कन्या एका दुकानात संध्याकाळची नोकरी करते आणि आठवड्यातून तीनदा ह्याच वेळेला ह्याच बसनं येते. तिचा थांबा कुठला, ती कशी येते, हे आम्ही कधी बारकाईनं विचारलं नव्हतं. येते म्हणजे येते.

वॉर्डन मागे पडल्यावर कन्या उठून ड्रायव्हरकडे गेली, काही बोलली आणि परत येऊन म्हणाली, "पुढच्या दारानं उतरायचं हं." आमचा थांबा आला. बस थांबली, एक माणूस उतरला, बस पुन्हा निघाली. आम्ही घाईघाईनं दोरी ओढायला निघालो तर कन्येनं हात धरला. मोठ्या चौकापासून पुढे, बंद दुकानांची रांग, मग पार्किंग लॉट, मग कुंपण. आणि बरोबर आमच्या इमारतीच्या फाटकासमोर, जिथे थांब्याचा खांब नाही, पाटी नाही, काही नाही, तिथे बस थांबली. फक्त पुढचं दार उघडलं.

"रिक्वेस्ट स्टॉप," कन्या म्हणाली. "रात्री नऊनंतर एकट्यानं प्रवास करत असलो तर सांगायचं. दोन थांब्यांच्या मधे हवं तिथे थांबवतात. एक थांबा आधी सांगायचं. मागचं दार उघडत नाहीत, म्हणजे कुणाला पाठोपाठ उतरता येत नाही. आज आपण चौघं आहोत, पण हे ड्रायव्हर मला ओळखतात."

आता आमची हकिगत सांगायला हवी.

२०१० सालची गोष्ट. कन्या अडीच वर्षांची. सौ. भारतातून बी. फार्म. झालेली, इथलं फार्मसिस्टचं लायसेन्स काढायचं होतं, म्हणून एका औषधांच्या दुकानात संध्याकाळची मदतनिसाची नोकरी धरलेली. मोटार एकच होती आणि मूल झोपलेलं, तेव्हा रात्री न्यायला जाणं शक्य नसे. सौ. बसनं यायची. थांबा चौकात. तिथून घरापर्यंत ती बंद दुकानं, तो पार्किंग लॉट आणि ते कुंपण. फेब्रुवारीतल्या एका रात्री तिच्यामागे एक माणूस उतरला आणि मागोमाग चालत आला. ती भरभर चालली, तोही. ती बाहेरच्या दाराशी येऊन आमचा बझर दाबत राहिली. आम्ही आतून दार उघडलं, तो माणूस रस्त्याकडे निघून गेला. काही झालं नाही. आम्ही दोघांनीही हेच शब्द पुढे कितीदा तरी वापरले, काही झालं नाही.

आम्ही इंजिनियर. अडचणीच्या मुळाशी जायचं आणि ती काढून टाकायची, हे आमचं शिक्षण. रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा सांगितला: नोकरी सोड. तिनं सोडली. लायसेन्स मिळायला त्यामुळे चार वर्षं जास्त लागली. तो पार्किंग लॉट तसाच राहिला. आणि गंमत बघा, पार्किंग लॉटचे दिवे हाच आमचा पोटापाण्याचा धंदा! प्रकाश कुठे किती पडतो ह्याचे तक्ते आम्ही रोज काढत होतो. त्या तक्त्यांत खांब असतो, दिवा असतो, मोटार असते. रात्री अकराला तिथून चालत जाणारी बाई नसते.

अलीकडे कन्येनं ह्यातही आमची शिकवणी घेतली आहे. मेट्रॅकनं १९८९ मध्ये 'सेफ्टी ऑडिट'ची पद्धत काढली. दोन-चार बायकांनी रात्री आपल्याच वस्तीतून हातात कागद घेऊन फिरायचं. कुठे अंधार आहे, कुठे आडोसा आहे, ओरडलं तर कुणाला ऐकू जाईल, पळायचं तर कुठून, हे टिपायचं. तज्ज्ञ कोण, तर जी रोज तिथून जाते ती. ही पद्धत पुढे जगभर गेली, दिल्लीत 'जागोरी' संस्थेनंही ती वापरली. कन्येला वर्गात तोच अभ्यास दिला होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसता उजेड वाढवता. लखलखत्या काचेच्या बसथांब्यात उभं राहिलं की बाहेरच्याला आपण दिसतो, आपल्याला बाहेरचा दिसत नाही. मत्स्यालयातल्या माशासारखं." हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. चकाकीचं गणित आम्ही परीक्षेत सोडवलेलं आहे.

तर त्या रात्री फाटकाशी उभं असताना सौ.नं कन्येला विचारलं, "दोन हजार दहा साली होतं हे?"

कन्येला मागची हकिगत माहीत नव्हती. ती सहज म्हणाली, "नाइन्टीन नाइन्टी-वनपासून आहे, आई. आधी फक्त बायकांसाठी होतं, नंतर सगळ्यांसाठी केलं. इथे स्कारबरोतच तेव्हा कुणीतरी बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या मागे जाऊन हल्ले करत होता ना, दोन-तीन वर्षं. मॉन्ट्रियलनं पण नंतर सुरू केलं."

सौ. आमच्याकडे वळली. "अरे, तू तर रोज ह्याच बसनं जायचास."

(ही दुसरी चूक. मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कन्येला घेऊन लिफ्टकडे गेल्या.)

खरंच, जात होतो. बसमधल्या पाट्यांवर, टी. टी. सी.च्या पत्रकांत, कुठेतरी ते असणारच. पण ते आमच्यासाठी नव्हतं आणि जे आपल्यासाठी नाही ते डोळ्यांना दिसतच नाही. सौ.ला का कळलं नाही? नवीन देश, रात्रीची घाई, आणि ड्रायव्हरशी जाऊन बोलायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. दुकानातल्या बाकीच्या मुली मोटारीनं जायच्या.

झोपायच्या आधी ती म्हणाली, "नोकरी सोडली ह्याचा आता राग नाही रे. पण बघ ना, मी घरी बसावं हे तुला सुचलं आणि मलाही पटलं. बस दोनशे पावलं पुढे यावी, हे दोघांच्याही मनात आलं नाही."

बस पुढे आणायला टी. टी. सी.ला किती खर्च आला असेल हे आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या मोजून पाहिलं. खांब नाही, दिवा नाही, काँक्रीट नाही. ड्रायव्हरला एक सूचना, बस. आमच्या धंद्यात असला स्वस्त उपाय आम्ही आजवर कुणाला सुचवलेला नाही.

मावशी ऑगस्टमध्ये परत गेल्या. जाण्याआधी एकदा त्यांनी एकटीनं ३९ नंबरनं जाऊन दाखवलं. भर दुपारी चार वाजता ड्रायव्हरला "रिक्वेस्ट स्टॉप, प्लीज" म्हणाल्या. तो हसला आणि थांब्यावरच थांबला. नायगारा त्यांनी पाहिला नाही तो नाहीच.

तबलेवाल्या मुलाच्या आईला सौ.नं फोन केला. दोघी दीड तास बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या यादीत तबल्यासमोरची जागा अजून कोरी ठेवलेली आहे एवढं खरं.

यंदा सौ. दिवाळीच्या कार्यकारिणीत आहे. परवा त्यांची सभा लांबली. आम्ही फोन केला, न्यायला येऊ का? म्हणाली, नको, बस आहे. आम्ही सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत जाऊन उभे राहिलो. पावणेअकराला ३९ नंबर आली. चौकातल्या थांब्यावर थांबली, निघाली, बंद दुकानांवरून आणि पार्किंग लॉटवरून पुढे आली, आणि फाटकासमोर उभी राहिली. पुढचं दार उघडलं. सौ. उतरली, ड्रायव्हरला हात केला, पर्स खांद्यावर नीट केली आणि रमतगमत आत आली. वर बघितलं नाही.